रात्रौ १२ वा., पण कुठल्या दिवशी? वेळ बदलून दाखवणारं प्लगिन नऊ महिने वापरल्यानंतर

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांची शूटिंग हे पोटाचं काम, आणि देवळातले कार्यक्रम नेटवर थेट दाखवणं हे हौसेचं. जत्रा, दशावतार, शिमगा, रामनवमी, गणपतीतली भजनं. बघणाऱ्यांत निम्मे मुंबईचे चाकरमानी, बाकीचे दुबई, मस्कत, लंडन, न्यू जर्सी, मेलबर्न असे पांगलेले. २०२४ च्या गणपतीआधी देवळाच्या वेबसाइटवर मी एक प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकलं. आपण भारतातली वेळ भरायची, आणि बघणारा जिथे असेल तिथली वेळ ते त्याला दाखवतं. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

आधी मी हाताने यादी लिहायचो. दुबई दीड तास मागे, लंडन साडेपाच तास मागे, न्यू जर्सी साडेदहा. ही यादी हिवाळ्यात बरोबर आणि उन्हाळ्यात चूक, कारण काही देश उन्हाळ्यापुरतं घड्याळ एक तास पुढे नेतात. त्यातही सगळे देश एकाच दिवशी घड्याळ हलवत नाहीत. २०२५ चा शिमगा आठवा: होळी १३ मार्चला, अमेरिकेची घड्याळं ९ मार्चला पुढे गेलेली, लंडनची ३० मार्चला जाणार. म्हणजे होळीच्या दिवशी न्यू जर्सी साडेनऊ तास मागे आणि लंडन अजून साडेपाचच. माझी जुनी यादी असती तर अमेरिकेतल्या मंडळींची पालखी तासाभराने चुकली असती. प्लगिनने हे बिनबोभाट सांभाळलं. कारण एवढंच की त्यात तासांचा फरक भरायचा नसतो, शहर निवडायचं असतं. भारतासाठी कोलकाता निवडावं लागतं. जगभरच्या संगणकांत वेळेच्या पट्ट्यांची जी यादी वापरतात तिच्यात आपलं नाव तेच आहे. पहिल्या दिवशी मी मुंबई शोधत बसलो होतो.

मुंबईवरून आठवलं. एकेकाळी मुंबईची वेळ खरंच वेगळी होती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. मुंबईने मात्र ३९ मिनिटं मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' पुढे कित्येक दशकं सोडला नाही. आमच्याकडेही सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात सरासरी साडेबारा उलटून गेल्यावरच. एका गावात दोन घड्याळं हे आपल्याला काही नवीन नाही, एवढंच म्हणायचंय.

आता मोठा घोळ. १३ डिसेंबर २०२४, शुक्रवार, जत्रेचा दशावतार. मंडळाने छापलेल्या पत्रकावर नेहमीप्रमाणे: 'शुक्रवार दि. १३ रोजी रात्रौ १२ वा.' मी प्लगिनमध्ये तारीख १३ आणि वेळ रात्रीचे १२ भरली आणि दुकान बंद करून घरी गेलो. गुरुवारी रात्री, म्हणजे जत्रेच्या आदल्या रात्री, साडेबाराच्या सुमारास फोन वाजायला लागला. दुबईतले काका: "अरे, नाटक खय असा? आमी जागे हाव." न्यू जर्सीतल्या आतेबहिणीने जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमध्ये हेडफोन लावून वाट पाहिलेली. मी अंथरुणात आणि कॅमेरा बॅगेत.

प्लगिनचं काहीच चुकलं नव्हतं. घड्याळाच्या हिशेबाने १३ तारखेचे रात्रीचे १२ म्हणजे गुरुवार संपून शुक्रवार लागतो तो क्षण. गावात हा घोळ होत नाही, कारण आपली शुक्रवारची रात्र शनिवार उजाडेपर्यंत चालते. पंचांगातही वार सूर्योदयाला बदलतो. पत्रक वाचून गावातला एकही माणूस गुरुवारी मांडवात आला नाही. यंत्राला ही रीत माहीत नाही, आणि ज्याचं बालपण परदेशात गेलं त्या पोरालाही नाही.

त्या दिवसापासून मी बारा हा आकडाच सोडला. रात्रीचा कार्यक्रम असेल तर ११:४५ भरतो, आणि खाली शब्दांत लिहितो: 'शुक्रवार १३ च्या रात्री सुरू, शनिवार १४ च्या पहाटे दहीकाल्याने शेवट.' मंडळाच्या पत्रकावर 'रात्रौ १२ वा.' तसंच राहिलंय. ते बदलायला सांगायची माझी छाती नाही.

दुसरी तक्रार खरी प्लगिनची. मूळ सेटिंगमध्ये ते फक्त बदललेली वेळ दाखवतं: 'रात्री १०:१५'. कुठली, ते नाही. पडद्यावर बघणाऱ्यासाठी ठीक आहे. पण आपली माणसं लिंक पाठवत नाहीत, स्क्रीनशॉट पाठवतात. दुबईच्या काकांनी आपला स्क्रीनशॉट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, लंडनच्या बहिणीने ती आपलीच वेळ धरली आणि चार तास उशिरा आली. तोवर सुरुवातीचा आडदशावतार संपून आख्यानातला राक्षसही मरून गेलेला. लिंक उघडली असती तर तिला बरोबर संध्याकाळचे सव्वासहा दिसले असते. चित्रात गोठलेली वेळ कोण बदलणार?

सेटिंगमध्ये खूप आत एक खूण सापडली, ती केली की शहराचं नाव दिसतं. शिवाय मी खाली दुसरी ओळ जोडली. आता असं दिसतं: 'शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४, २२:१५, दुबईची वेळ', आणि त्याखाली 'वेंगुर्ल्यात २३:४५'. दोन्ही ओळी एकाच चौकटीत, म्हणजे स्क्रीनशॉट कापताना एक ओळ गळत नाही. ही मूळ सेटिंग का नाही, हे मी कंपनीला लिहून विचारलं. आभाराचं उत्तर आलं.

'आयएसटी' ही भारतीय प्रमाणवेळेची इंग्रजी आद्याक्षरंही काढून टाकली. आयर्लंडमध्ये उन्हाळ्यात त्यांच्या वेळेची आद्याक्षरं तीच, इस्रायलच्या वेळेचीही तीच. डब्लिनला शिकणाऱ्या एका मुलीने 'सायं. ७ आयएसटी' आपलंच समजून भजन चुकवलं. ती रुसली, मी 'भारतीय वेळ' असं पूर्ण लिहायला लागलो.

तारखेचंही तसंच. रामनवमी ६ एप्रिल २०२५ ला होती. मी एका ठिकाणी सवयीने ६/४/२०२५ लिहिलं. अमेरिकेतल्या भाच्याने ते ४ जून वाचलं, कारण तिथे महिना आधी लिहितात. कॅलेंडरात नोंद करून तो निवांत. महिना अक्षरांत लिहिला की हा प्रश्नच उरत नाही, आणि दोन अक्षरं जास्त लागतात एवढाच खर्च.

त्याच रामनवमीला मेलबर्नच्या मावशी तासभर आधी हजर. जन्म आपल्याकडे दुपारी १२ वाजता, तिकडे दुपारचे साडेचार. प्लगिनने साडेचारच दाखवले होते. पण मेलबर्नची घड्याळं त्याच पहाटे एक तास मागे गेली होती, आणि मावशी बघत होत्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं घड्याळ. रिकामा पाळणा बघत त्या तासभर बसल्या आणि आमच्या साफसफाईवर टिप्पणी करत राहिल्या. यात मी कोणाला दोष देऊ?

मराठी भाषा निवडली की प्लगिन वेळेपुढे 'म.पू.' आणि 'म.उ.' लावतं. मध्यान्हपूर्व, मध्यान्होत्तर. बरोबर असेल, पण असं बोलतं कोण? एकाने विचारलं, मऊ म्हणजे काय? मी चोवीस तासांची पद्धत लावली. अंकांचा मात्र तिढा राहिला: देवनागरी अंक आईवडिलांना आवडतात, तिकडे वाढलेल्या मुलांना वाचता येत नाहीत. शेवटी इंग्रजी पानाला वेगळे अंक ठेवले.

एक वर्ग असा, ज्याच्यापुढे प्लगिनचे हात टेकले: जहाजावरची पोरं. आमच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांतला एखादा बोटीवर असतो. प्लगिन फोनची वेळ विचारतं, आणि एकाचा फोन सिंगापूर सोडल्यावरही सिंगापूरवरच अडकलेला होता. त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याची ती दुसरी ओळच कामाला येते. घर किती वाजता जागं असतं ते खलाशाला पाठ असतं.

तर घ्यावं का? कार्यक्रम थोडे आणि बघणारे एकाच देशातले असतील तर पैसे घालवू नका, महिना अक्षरांत आणि गावाचं नाव स्पष्ट लिहा, पुरे. माणसं चार देशांत असतील तर घ्या, पण पहिल्या दिवशी शहराचं नाव दिसतं का ते तपासा, आणि स्वतःच्या फोनची वेळ न्यू यॉर्कला लावून एकदा पान उघडून बघा. मी हे डिसेंबरनंतर शिकलो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. प्लगिनला मिनिटापर्यंत वेळ लागते, तिथे 'अंदाजे' लिहायला जागाच नाही. मागच्या आठवड्यात गुरवांना विचारलं, पुढच्या जत्रेला नाटक नक्की किती वाजता धरू? ते समईची वात सारखी करत होते. म्हणाले, "पालखी बसली काय सुरू." मी २३:४५ भरलं आणि 'अंदाजे' कार्यक्रमाच्या नावातच घुसवलं.