सालीसकट भाजलेला बटाटा: ओटीजी, एअर फ्रायर की मायक्रोवेव्ह?

ब्रिटनमध्ये जॅकेट पोटॅटो म्हणून मिळतो तो अख्खा भाजलेला बटाटा: वर फुलीसारखी चीर, आत लोणी, त्यावर बीन्स नाहीतर चीज. घरी करायचा तर साहित्याला काही लागत नाही. प्रश्न कशात भाजायचा हा, आणि त्याचं उत्तर साल तुम्ही खाता की ताटात काढून ठेवता यावर आहे.

ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, २०० अंशांवर दोन-अडीचशे ग्रॅमच्या बटाट्याला तासभर लागतो, शिवाय आधी तापवायला दहा-पंधरा मिनिटं. पण कोरड्या उष्णतेत सालीखालचं पाणी निघून जातं, त्यामुळे साल कुरकुरीत होते आणि आतला भाग चमचा लावला की सुटतो. सहा बटाटे एकदम ठेवले तरी वेळ फारसा वाढत नाही. एकट्यासाठी मात्र एका बटाट्यापायी तासभर वीज जाळणं मला पटत नाही.

एअर फ्रायरमध्ये भांडं लहान आणि पंख्याचा वारा जोरात, त्यामुळे तेच काम ४०-४५ मिनिटांत होतं. साल जवळपास ओटीजीइतकीच चांगली. अडचण जागेची. मोठे बटाटे तीन-चारच मावतात, एकमेकांना चिकटले की वारा फिरत नाही आणि त्या बाजूची साल मऊ राहते. दोघा-तिघांच्या घरात मी हाच निवडेन.

मायक्रोवेव्हमध्ये एक बटाटा सहा-आठ मिनिटांत शिजतो. शिजतो, भाजला जात नाही. आतलं पाणी तापून वाफ होते, ती सालीत मुरते आणि साल ओलसर, चिवट होते. बटाटे वाढले की वेळही वाढतो, म्हणजे चौघांसाठी त्याचा वेग फारसा उरत नाही. काट्याने चारी बाजूंनी टोचायला विसरू नका, नाहीतर वाफेने बटाटा फुटतो आणि आतून भांडं खरवडत बसावं लागतं. तुमचा मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शनवाला, म्हणजे गरम हवेने भाजणाराही असेल तर नवीन काही घेऊच नका: आधी पाच-सहा मिनिटं मायक्रोवेव्ह, मग २०० अंशांवर कन्व्हेक्शनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं.

कुकरमध्ये उकडून तव्यावर परतलेला बटाटा छान लागतो, पण तो वेगळा पदार्थ आहे.

उपकरण कुठलंही असो, बटाटा जुना घ्या. अंगठ्याने घासली की साल निघते तो नवा बटाटा. त्यात पाणी जास्त, भाजून चिकट होतो, त्याची रस्सा भाजी करा. हिरवट डाग असलेले नकोच. धुऊन अगदी कोरडे पुसा, तेल आणि जाडं मीठ चोळा. फॉइलमध्ये गुंडाळू नका. फॉइल वाफ कोंडते, म्हणजे ओटीजीत तासभर भाजून साल मायक्रोवेव्हसारखीच मऊ. शिवाय फॉइलमधला बटाटा तसाच ओट्यावर रात्रभर राहिला तर त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. बाहेर काढल्या काढल्या चीर द्या आणि दोन्ही हातांनी बाजूंनी दाबा, म्हणजे वाफ निघून जाते.

आता वर काय घालायचं. इस्तंबूलच्या ओर्ताकॉयमध्ये कुंपीर मिळतो: सालीच्या आतच गरम बटाटा लोणी आणि काशर नावाच्या तुर्की चीजबरोबर घोटतात आणि वर मका, ऑलिव्ह, लोणची असं दहा तऱ्हेचं काहीबाही रचतात. घोटल्यामुळे चव आतपर्यंत जाते. ब्रिटिश पद्धतीत वरचं वर आणि बटाटा खाली. मला घोटलेला आवडतो, पण मायक्रोवेव्हच्या मऊ सालीत तो घोटायला गेलं की साल फाटते. तिथे ब्रिटिश पद्धतच बरी.

टोमॅटोच्या गोडसर बीन्सऐवजी मटकीची उसळ घाला. रस आटवून अगदी अंगासरशी ठेवा, वर कांदा-कोथिंबीर, आणि शेव वाढताना. दही घालणार असाल तर चक्काच, कारण पातळ दह्याने कडक साल पाच मिनिटांत लोळागोळा होते. पिठलं मी घालणार नाही, मऊवर मऊ. ठेचा मात्र जमतो, पण नुसता नको. मऊ लोण्यात कालवून ठेवा आणि चीर दिल्याबरोबर, बटाटा वाफाळत असतानाच आत सोडा.