बिलात नवं वायसर, गाडीत जुनंच: पुढचं स्प्रॉकेट बदलताना झालेली फसवणूक

मे महिन्यात नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका गॅरेजात मी मोटरसायकलचा चेन-स्प्रॉकेट सेट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चाकं, बदलून घेतला. बिलात चार ओळी होत्या. सेट 2,400, नवा नट आणि लॉक वॉशर 180, थ्रेड लॉक 150, मजुरी 600. हा नट पुढचं स्प्रॉकेट इंजिनच्या शाफ्टवर धरून ठेवतो, आणि लॉक वॉशर म्हणजे ज्याची कड नटावर वाकवली की नट सैल होत नाही ते वायसर. थ्रेड लॉक, म्हणजे नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचं चिकट द्रव्य, लिहिलेलं पाहून मला उलट बरंच वाटलं. माणूस काम जाणतो, असं मी धरून चाललो आणि उन्हापायी आत बसून राहिलो. तिथेच मी चुकलो.

तीन आठवड्यांनी वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, गॅस सोडला की खालून खट्खट आवाज यायला लागला. गाडी हळूहळू परत आणली. गॅरेजवाल्याने कव्हर न उघडताच निदान केलं, "शाफ्ट गेला भाऊ. इंजिन खोलावं लागते. नऊ हजार धरून चाला. तुम्ही जोरात चालवली असन."

नऊ हजार ऐकून मी गाडी उचलली आणि गणेशपेठेतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. कव्हर निघाल्यावर नट बोटांनी फिरत होता. काकांनी लॉक वॉशर पुसून माझ्या हातावर ठेवलं. "पाहा जी, हे नवं नाही. याची कड दोनदा वाकली हाये."

खरंच दोन घड्या होत्या, आणि दुसऱ्या घडीवर चीर गेली होती. नटाचे कोपरे छन्नीने खाल्लेले, म्हणजे नटही जुनाच. आणि ज्या आट्यांवर थ्रेड लॉक असायला हवं होतं, तिथे बोटभर ग्रीस.

ग्रीसचं जरा सविस्तर सांगतो, कारण आटे ओले असले म्हणजे काम चांगलं झालं, असं मलाही वाटायचं. नट आवळताना लावलेल्या जोरातला बहुतेक जोर घर्षणातच जातो. काही नटाच्या बुडाशी, काही आट्यांत. प्रत्यक्ष पकड म्हणून उरतो तो साधारण दहावा हिस्सा. ग्रीस लावलं की घर्षण घटतं आणि तेवढ्याच जोरात आटे कितीतरी जास्त ताणले जातात. त्यात पान्याला पाईप लावून आवळलं की आटे ताणून खराब होतात आणि पकड जाते. शिवाय ग्रीसवर थ्रेड लॉक धरतच नाही, त्याला स्वच्छ, कोरडे आटे लागतात. ग्रीस वाईट असतं असं नाही. काही गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या नटाच्या आट्यांना तेल लावायलाच सांगितलेलं असतं आणि टॉर्कचा, म्हणजे किती जोराने आवळायचं त्याचा, आकडा तसाच धरलेला असतो. माझ्या गाडीला थ्रेड लॉक सांगितलं आहे. कोरड्याचा आकडा ओल्या आट्यांना लावला तर नट जास्त आवळला जातो, उलट केलं तर सैल राहतो. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं, ते गॅरेजात जाण्याआधीच पाहून ठेवा.

बऱ्याच छोट्या गाड्यांत नटाऐवजी एक प्लेट आणि दोन बारीक बोल्ट असतात. तिथेही जुनेच बोल्ट परत लावून नव्याचे पैसे घेता येतात, कारण कव्हर बसलं की सगळं झाकलं जातं. त्यामुळे कव्हर बसायच्या आधी स्वतः उभं राहून पाहा, फोटो काढा. निघालेलं जुनं वायसर हातात मागा. "फेकलं" असं उत्तर आलं तर ते गाडीतच आहे की काय, असा संशय धरा. आवळताना टॉर्क पाना बाहेर येतो की पाईप, तेही बघा.

माझा शाफ्ट गेलाच नव्हता. पहिले दोन आटे दबले होते, ते काकांनी डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून सरळ केले, ग्रीस क्लीनरने धुतलं, नवा नट आणि वायसर बसवलं. सगळे मिळून 850 घेतले. पहिल्या गॅरेजात मी बिल आणि चिरलेलं वायसर दाखवलं, तर मालकाने नट-वायसर आणि थ्रेड लॉकचे 330 रुपये काउंटरवर ठेवले आणि मजुरीचं नाव काढलं नाही. नऊ हजारांच्या खोट्या निदानाबद्दल तर चकार शब्द नाही. फोटो आणि बिल जोडून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे.

काकांनी नट आणि शाफ्टवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली होती. नट हलला तर ती तुटेल, म्हणाले. पाचशे किलोमीटर झाल्यावर काल कव्हर काढून पाहिलं, रेघ जुळलेलीच आहे.