सुट्या दुधाचा रतीब, रत्नागिरी–चिपळूण पट्टा: घ्यावा, पण तपासून आणि तापवून

गोठ्यावरून थेट दारात येणारं म्हशीचं दूध साय, विरजण आणि चव या तिन्ही बाबतींत पिशवीपेक्षा सरस आहे. होमोजिनाइज्ड पिशवीत स्निग्धांशाचे कण बारीक फोडलेले असतात, म्हणून तिला जाड साय धरत नाही. लोणी-तूप घरी करणाऱ्यांनी रतीबच लावावा. मात्र रतीब म्हटला की सगळे सारखे नसतात, आणि फरक पडतो तो गोठ्यापासून दारापर्यंतच्या वेळात.

धार काढल्यावर कच्च्या दुधात जंतूंना रोखण्याची थोडी नैसर्गिक ताकद असते. कोकणातल्या तीस अंशांच्या दमट हवेत ती दोन-तीन तासांत संपते. पाचला काढलेलं दूध सातपर्यंत आलं तर उत्तम. चार गोठ्यांचं दूध एका कॅनमध्ये ओतून नऊला येणारा फेरीवाला टाळावा. एका गोठ्यातलं बिघडलेलं दूध सगळा कॅन बिघडवतं, आणि दोष कुणाचा हे शोधताही येत नाही. कॅन स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हवा. प्लास्टिकला चरे पडतात आणि त्यांत दूध साचून राहतं. पावसाळ्यात धुतलेले कॅन नीट वाळत नाहीत, त्यामुळे जून ते सप्टेंबर झाकण उघडून वास घेणं हा गिऱ्हाइकाचा हक्क समजावा. माप फेस खाली बसल्यावर भरून घ्यावं.

पावसाळ्यातली दुसरी तक्रार म्हणजे ‘दूध पातळ झालं, गवळी पाणी घालतो’. हा आरोप करण्याआधी लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाची घनता मोजणारी तरंगती काचेची कांडी, वापरा. कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर जनावराचं फॅट खरोखरच उतरतं. पण फॅट कमी झालं तर लॅक्टोमीटरचा आकडा किंचित वर जातो, पाणी घातलं तर खाली येतो. गाईच्या दुधाला साधारण २८ ते ३०, म्हशीच्या दुधाला ३० ते ३२ हा आकडा ठीक. दहा टक्के पाण्याने तो तीनेक अंकांनी पडतो. म्हणजे म्हशीचं दूध पातळ लागतंय आणि आकडा ३१ आहे, तर गवळ्याला दोष देऊ नका. २६ असेल तर खुशाल जाब विचारा. मोजण्यापूर्वी दूध अर्धा-एक तास ठेवावं, कारण ताज्या दुधातली हवा आकडा फसवते. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला बांधला आहे ते कांडीवर छापलेलं असतं. दूध त्यापेक्षा गरम असेल तर दर अंशाला ०.२ मिळवावेत, गार असेल तर वजा करावेत. साय काढून नंतर पाणी घातलेल्या दुधाचा आकडा मात्र बरोबर येऊ शकतो. तिथे फॅटचीच तपासणी लागते, आणि ती दूध संकलन केंद्रावर होते.

युरियाची शंका असेल तर चमचाभर दुधात अर्धा चमचा तुरीचं किंवा सोयाबीनचं पीठ घालून हलवावं, पाच मिनिटांनी लाल लिटमस कागद अर्धा मिनिट बुडवावा. निळा झाला तर युरिया आहे.

तापवताना फाटलेलं दूध दर वेळी शिळंच असतं असं नाही. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक मिसळला गेला तरी दूध फाटतं. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या व्याख्येतही दुधात चीक असता कामा नये. खरवसासाठी चीक वेगळा सांगून घ्यावा.

अमेरिकेत कच्चं दूध एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला १९८७ पासून बंदी आहे, स्कॉटलंडमध्ये १९८३ पासून विक्रीच बंद. आपल्याकडे ते विकता येतं, आणि ते योग्यच आहे. घाटात दरड कोसळून कोल्हापूरकडच्या पिशव्या अडकतात, तेव्हा गावचा गवळीच उपयोगी पडतो. शिवाय इथल्या घरांत दूध तापवल्याशिवाय वापरत नाहीत. धारोष्ण दुधाचं कौतुक मात्र सोडावं. ब्रुसेला आणि गोवंशीय क्षयाचे जंतू दिसायला निरोगी जनावराच्या दुधातूनही येऊ शकतात. मुलांना आणि गरोदर बाईला तर ते मुळीच देऊ नये. दूध ढवळत उकळी आणावी, दोन-तीन मिनिटं मंद ठेवावं, मग पातेलं गार पाण्यात ठेवून लगेच फ्रिजमध्ये.

उकळून जात नाही ते अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीजन्य विष. बुरशी लागलेल्या पेंडीतून ते दुधात उतरतं. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्क्यांत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं, आणि कच्च्यापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक. तेव्हा पिशवी घेतली म्हणजे सुटलो, असं नाही. गवळ्याला पेंड कुठे ठेवता, हे जरूर विचारा. ओल्या भिंतीला टेकलेलं पोतं दिसलं तर दुसरा गवळी बघावा.

गवळ्याकडे अन्न सुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक मागावा. २०११ च्या नियमांत दिवसाला ५०० लिटरपर्यंत दूध हाताळणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला परवाना नाही, नोंदणी पुरते. त्या क्रमांकाने माणूस सापडतो, दुधाची शुद्धता कळत नाही. महाराष्ट्रात म्हशीच्या दुधाला किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) लागतं, गाईच्या दुधाला ३.२ आणि ८.३. शंका पक्की असेल तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार शुल्क भरून नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं, आणि अहवाल त्याच्याविरुद्ध गेला तर शुल्क परत मिळतं. नमुना कसा न्यायचा हे आधी जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात विचारा, नाहीतर उन्हात वाटेतच दूध फाटतं.

काचेच्या बाटलीतल्या ‘ए-टू’ (एका विशिष्ट प्रकारच्या प्रथिनाचं म्हणून विकल्या जाणाऱ्या) दुधाला जादा भाव द्यावा का? प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये हे दावे काढायला सांगितले आणि काही दिवसांत तो आदेश मागे घेतला. त्या अक्षरांसाठी पैसे मोजू नयेत. धार काढल्याबरोबर दूध चार अंशांपर्यंत गार करण्याची सोय गोठ्यावर असेल, तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. अशी बाटली दारात हातात घेतल्यावर थंडगार लागली पाहिजे. कोमट असेल तर ती परत करावी.