शेहेचाळीस वर्षांनी ‘शक्ती’

गुरुवारी आषाढी झाली आणि शुक्रवारी, 30 जून 2023 ला, ‘शक्ती’ या भारतीय-पाश्चात्त्य फ्यूजन बँडचा ‘धिस मोमेंट’ आला. 1977 च्या ‘नॅचरल एलिमेंट्स’नंतरचा हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम. बाबांकडे जुन्या ‘शक्ती’ची कॅसेट होती, त्यामुळे या आठवड्यात दुसरं काही ऐकलंच नाही.

आठ रचना आहेत. पहिली ‘श्रीनीज् ड्रीम’, मँडोलिनवाल्या यू. श्रीनिवास यांच्या आठवणीतली. शंकर महादेवन यांचा आवाज आणि गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन एकाच श्वासात सरगम घेतात तेव्हा गळा कुठला आणि गज कुठला, कळत नाही. ‘मोहनम’ म्हणजे आपला भूप राग, पण कर्नाटकी गमकांनी, म्हणजे स्वरांच्या आंदोलनांनी, तो इतका वेगळा झुलतो की मी तो सलग चार वेळा लावला. आणि झाकीरभाईंचा, म्हणजे झाकीर हुसेन यांचा, बायाँ (तबल्याचा डग्गा)! मी स्वतः तबला शिकतोय, म्हणून सांगतो, हेडफोन लावूनच ऐका. फोनच्या स्पीकरवर त्याची मींड, म्हणजे घसरत जाणारा सूर, ऐकूच येत नाही. शेजारी सेल्वागणेशचा कंजिरा, म्हणजे दक्षिणेतली छोटी डफली. जुन्या ‘शक्ती’त घटम् वाजवणाऱ्या विक्कू विनायकरामांचा हा मुलगा, आता वडिलांच्या जागी.

एक खटकलं. बँडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन बऱ्याच ठिकाणी गिटार सिंथ (सिंथेसायझरचा आवाज काढणारी गिटार) वाजवतात आणि तो मऊ, पसरट आवाज पुढे येतो. मला त्यांच्या जुन्या अकूस्टिक गिटारची खणखणीत तार हवी होती. महासाथीच्या काळात सगळ्यांनी आपापल्या गावी बसून रेकॉर्डिंग केलं, तेही कुठेकुठे जाणवतं.

तरी विकत घ्याच. ‘गिरिराज सुधा’पासून सुरुवात करा.