हॅरी केरी यांच्या दोन मूकपटांच्या ब्लू-रे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जॉन फोर्ड यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि हॅरी केरी यांची मुख्य भूमिका असलेल्या ‘स्ट्रेट शूटिंग’ (१९१७) व ‘हेल बेंट’ (१९१८) या मूकपटांच्या ब्लू-रे मी आठ महिन्यांपूर्वी अमेरिकेतून मागवल्या. ब्लू-रे डिस्क ठरावीक प्रदेशातल्याच (रीजन) प्लेअरवर चालते; अमेरिकेचा रीजन ‘ए’ आणि भारताचा ‘सी’, हे विक्रेत्याने कुठेच सांगितले नव्हते. त्यामुळे सगळे रीजन चालवणारा प्लेअर हाती येईपर्यंत दोन्ही डिस्क तीन आठवडे कपाटात पडून राहिल्या. घेणाऱ्यांनी एवढे आधी तपासावे.

‘स्ट्रेट शूटिंग’ हा फोर्ड यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. तो कित्येक वर्षे हरवला असे मानले जात होते आणि त्याची प्रत पुढे प्रागमधील चित्रपट संग्रहात सापडली, हे लक्षात घेतले तर पडद्यावर दिसणारे चित्र फारच स्वच्छ आहे. मधल्या पाट्या इंग्रजीत आहेत. त्या मी आईला मराठीतून वाचून दाखवतो आणि तिचे काही अडत नाही.

सुपारी घेऊन एका शेतकऱ्याला मारायला निघालेला शायेन हॅरी (केरी यांची भूमिका) त्या घरातल्या मुलाच्या दफनापाशी येऊन पोहोचतो आणि त्याचे मन पालटते. त्या काळचे दुसरे काउबॉय नायक टॉम मिक्स यांचा झगमगीत पोशाख आणि घोड्यावरच्या कसरती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना केरी यांचे मळके कपडे, सैल चाल आणि जवळजवळ स्थिर चेहरा आधी फिका वाटेल. मलाही पहिल्या खेपेला तसेच वाटले होते. चौथ्या खेपेस मात्र चित्र थांबवत, मागे नेत पाहिले, तेव्हा डाव्या हाताने उजवा हात कोपराजवळ धरून उभे राहण्याची त्यांची लकब नजरेत भरली. फोर्ड यांच्याच ‘द सर्चर्स’च्या (१९५६) अखेरीस दाराच्या चौकटीत नायक जॉन वेन उभे राहतात ते अगदी असेच, आणि ते केरी यांच्या स्मरणार्थच. केरी १९४७ मध्ये गेले होते. त्यांच्या पत्नी ऑलिव्ह आणि मुलगा हॅरी केरी ज्युनिअर या दोघांच्याही त्या चित्रपटात भूमिका आहेत. वेन यांनी केरी यांच्याकडून नुसती लकब घेतली नाही, तर न बोलता उभे राहण्यातला सगळा भार घेतला, असे माझे ठाम मत झाले आहे. वेस्टर्नचा, म्हणजे काउबॉयपटाचा, नायक थकलेला, अपराधी आणि तरीही सभ्य असू शकतो, हे केरी यांनी १९१७ मध्येच दाखवून ठेवले होते.

‘हेल बेंट’ त्या मानाने हलका आहे. मी तो दोनदाच पाहिला. फोर्ड आणि केरी यांनी मिळून केलेल्या वीसहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक आज नष्ट झाले आहेत, त्यामुळे तोही जपून ठेवावा असाच आहे. एकच डिस्क घ्यायची असेल तर ‘स्ट्रेट शूटिंग’ घ्यावी आणि ती पाहून झाल्यावर त्याच रात्री ‘द सर्चर्स’ची शेवटची दोन मिनिटे पुन्हा लावावीत.