समुद्रावरून आलेल्या गाडीची धुलाई: चिकलठाण्यातील एका केंद्राबद्दल

कोकणच्या वाळूतून फिरून मराठवाड्यात परतलेल्या थार, जिम्नी किंवा गुरखा अशा फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या मालकाला येथील कोरडी हवा फसवते. मीठ हवेतला ओलावा ओढून स्वतःच विरघळू लागते, ते सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेल्यावर. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यातल्या दुपारी ती पुष्कळदा 30 टक्क्यांच्याही खाली असते. त्यामुळे चासिसच्या (गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या) पोकळीत अडकलेले मीठ उन्हाळाभर बऱ्याच अंशी निपचित राहते आणि मृगाच्या सरी सुरू झाल्या की पत्रा खाऊ लागते. पावसाळ्यापूर्वी बुडाची नीट धुलाई करून घेणे आवश्यक ठरते ते यासाठी.

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीलगतच्या ज्या केंद्रात मी हे काम करून घेतले, तेथील पद्धत मला बहुतांशी पटली. गाडी आल्याबरोबर पाणी मारत नाहीत. तापलेला सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्क निवेपर्यंत थांबतात, मग गाडी लिफ्टवर घेतात. मी जेट (जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा) लवकर सुरू करण्याविषयी विचारले, तेव्हा तेथील कारागीर म्हणाला, “मालक, जेट मारला की वाळू आत घुसते, आधी नुसतं पाणी सोडू.” हे म्हणणे अगदी योग्य आहे. चासिसच्या भोकांतून साधी नळी आत घालून, खालून पडणाऱ्या पाण्यात वाळूचा कण दिसेनासा होईपर्यंत त्याने पाणी वाहू दिले, आणि जेट वापरला तेव्हाही अ‍ॅक्सलची सीले, ब्रीदर (हवा ये-जा करण्याची नळी) व अल्टरनेटर (वीज तयार करणारे यंत्र) यांच्यापासून तो दूर ठेवला. रेडिएटरच्या जाळीवरही हलक्या दाबाचेच पाणी सोडले, कारण त्या नाजूक पात्या जेटने वाकतात. पुढे प्रोपेलर शाफ्टच्या (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे सांध्याला, नवे ग्रीस भरले आणि डिफरन्शियलचे (दोन चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल थोडे काढून दाखवले. ते दुधाळ दिसले असते, तर आत पाणी शिरले असे समजून बदलावे लागले असते.

माझी खरी तक्रार पाण्याची आहे. हे केंद्र धुलाईचे पाणी टाक्यांत निवळवून पुन्हा वापरते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा प्रदेशात ही काटकसर कौतुकाचीच म्हणावी लागेल. परंतु निवळण्याने वाळू खाली बसते, तेल वर तरंगते आणि मीठ मात्र विरघळलेलेच राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते धुऊन काढण्यासाठी पुन्हा क्षारयुक्तच पाणी वापरले, तर धुलाईला काही अर्थ उरत नाही. मी आग्रह धरल्यावर बुडासाठी बोअरचे ताजे पाणी आणि शेवटच्या फेरीला आरओचे पाणी मिळाले, त्याचे वेगळे पैसेही लागले. पिण्याच्या पाण्यासाठी घरोघरी वापरतात तो, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर सोबत न्यावा: गाडीखालून ठिबकणाऱ्या पाण्याचा आकडा नळीतून येणाऱ्या पाण्याच्या आकड्याइतका उतरला, की मीठ निघाले असे मानता येते. केंद्राकडे असा मीटर नव्हता, ही उणीव त्यांनी सहज भरून काढावी.

मागच्या चाकांचे ड्रम तेथे आपणहून उघडत नाहीत, तसे सांगावे लागते. थार आणि जिम्नी या दोन्हींना मागे ड्रम ब्रेक आहेत आणि त्यांत शिरलेली बारीक वाळू लायनर घासत राहते, त्यामुळे हा खर्च टाळू नये.

धुलाई संपताच रबर कोटिंगचा आग्रह सुरू होतो. तो मी साफ नाकारला. बूड ओले असताना चढवलेला हा जाड थर मीठ आणि ओल दोन्ही आत कोंडतो, आणि पुढे गंज धरला तरी वरून काही दिसत नाही. गाडी पूर्ण वाळल्यावर चासिसच्या पोकळ्यांत मेणयुक्त गंजरोधक फवारून घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. ते पातळ असल्याने सांध्यांत झिरपते आणि कमी झाल्यास पुन्हा मारता येते. हे काम याच केंद्रात होते, पण दरपत्रकात ते शेवटच्या ओळीत आहे आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. शक्यतो सकाळी जावे, म्हणजे धुऊन झाल्यावर गाडी दुपारभर उन्हात उभी ठेवून फवारणी त्याच दिवशी संध्याकाळी उरकता येते.