तीर्थनच्या काठावर तंबू: जा, पण अकरा जणांनी जाऊ नका

आम्ही जिंतूरचे अकरा जण. येलदरीच्या पाण्यात गळ टाकत लहानाचे मोठे झालो. आता कुणाचं खताचं दुकान, कुणाची शाळेतली नोकरी. मिरग जवळ आला की मला दुकानात जेवायला सवड नसते, म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यातच निघालो. परभणीला सचखंड एक्सप्रेस धरली, अंबाल्याला उतरलो आणि टेम्पो ट्रॅव्हलरनं रातोरात हिमाचलातल्या बंजारच्या पुढं, तीर्थन नदीच्या काठावर. (सचखंडला वाटेत स्टेशनांवर लंगर मिळतं. ताट-वाटी हाताशी ठेवा. आमच्यातल्या तिघांनी वर्तमानपत्रावर वरण घ्यायचा प्रयत्न केला.)

कॅम्पचं नाव लिहीत नाही. मालक बोलायला गोड. जाहिरातीत होतं, ‘ग्रुप कॅम्पिंग आणि ट्राउट फिशिंग, सगळं पॅकेजमध्ये’. माणशी रात्रीला 1,800 रुपये, दोन वेळचं जेवण धरून. तंबू कोरडे, रजया जड, तिथं तक्रार नाही. पण आमचे दोन तंबू उतारावर ठोकलेले. डोकं वर ठेवून झोपलेला माणूस पहाटे तंबूच्या दाराशी सापडायचा. चोवीस माणसांत दोन संडास. सकाळी सहाला रेशनच्या दुकानासारखी रांग. गरम पाण्याच्या बादलीचे पैसे वेगळे, हे बादली हातात आल्यावर कळालं. आणि शेजारच्या ग्रुपचा स्पीकर रात्री अकरापर्यंत. दोन दिवस प्रवास करून नदीकाठी आलो आणि नदी ऐकू आली ती त्यांची बॅटरी संपल्यावर.

आता मुख्य गोष्ट, मासा.

आम्हाला वाटलं, मासा तो मासा. कणकेची गोळी लावायची, गळ टाकायचा, तंबाखू मळत बसायचं. ट्राउटचं तसं नाही. आधी तर मत्स्य विभागाचा परवाना लागतो, आणि तो पॅकेजमध्ये नव्हता. पहिला दिवस त्यातच गेला. 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर तर ट्राउटची मासेमारी बंदच असते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गळ घेऊन निघालेल्यांनी आधी तारीख बघावी.

दुसऱ्या दिवशी कॅम्पनं गावातला एक पंचविशीतला पोरगा दिला. खरं सांगतो, पैसे वसूल झाले ते याच्यामुळं. आम्ही अकराच्या अकरा जण बुटांनी दगड वाजवत पाण्याशी पोचलो, तसा तो कपाळावर हात मारून म्हणाला, “भाईजी, आपको मछली बाद में दिखेगी, मछली को आप पहले दिख गए.” मग त्यानं खाली बसवून समजावलं. ट्राउट प्रवाहाकडं तोंड करून दगडाच्या आडोशाला थांबतो आणि वरून वाहत येणारे किडे टिपतो. म्हणून जायचं ते त्याच्या मागून, खालच्या अंगानं, वाकून. आपली सावली पाण्यावर पडली की तो गेला. दगडावर पाय आपटला तरी त्याला अंगावरच्या रेघेतून धक्का कळतो. थोडक्यात, घोळक्यानं राहायचं आणि ट्राउटही धरायचा, हे जमणारं नव्हतं. त्यानं दोघांना बरोबर घेतलं आणि नऊ जणांना कॅम्पवर बटाटे सोलायला पाठवलं. रोज सकाळी दोन-दोन तास, दोन-दोन माणसं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून दुपारी पाणी फुगायचं आणि गढूळ व्हायचं, मग काही लागत नव्हतं.

तीन सकाळींत आम्हा सगळ्यांत मिळून एक मासा लागला, तो माझ्या गळाला. तपकिरी ट्राउट, वीतभराहून थोडा मोठा. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. पाठीवरच्या पराच्या मागं, शेपटीच्या अलीकडं आणखी एक बारीक मांसल पर. ट्राउटची ती खूण. हा मासा मूळचा इथला नाही, इंग्रजांनी 1909 च्या सुमारास कुल्लू भागात आणून सोडलेला. पोरानं हात ओले करायला लावले, गळ हलकेच काढला आणि “छोटा है” म्हणून परत सोडला. आमचे अण्णा कळवळले, “अरे, येलदरीला एवढ्याचं कोरड्यास झालं असतं!”

रात्री ताटात आलेला ट्राउट नदीतला नव्हताच. जवळच्या हौदात पाळलेला, रेनबो जातीचा. कॅम्पवाले हे विचारल्यावरच सांगतात, आणि पैसे वजनावर वेगळे. मासा मात्र ताजा. खवले इतके बारीक की काढायची गरजच नाही, राहूसारखे काटे निवडत बसावं लागत नाही. मोहरीच्या तेलात तळलेला, पण मीठ-लिंबापलीकडं काही नाही. दुसऱ्या दिवशी सोबत नेलेलं काळं तिखट आम्हीच चोळून दिलं, तेव्हा कुठं जिभेला लागला. आचाऱ्यानं उरलेली पुडी मागून घेतली.

तात्या माळकरी. त्यांच्यासाठी राजमा आणि तुपात बुडवलेला सिड्डू, म्हणजे आंबवलेल्या कणकेचा वाफवलेला उंडा. तो मला माशापेक्षा जास्त आवडला. तात्या दिवसभर एका दगडावर बसून एक तपकिरी पक्षी बघायचे. तो त्या धारेत सरळ बुडी मारायचा, तळाशी चालत किडे वेचायचा आणि भलतीकडूनच वर यायचा. “डिपर,” पोरगा म्हणाला. एवढ्या प्रवासात एक पैशाचीही तक्रार न केलेला माणूस म्हणजे तात्या.

जागेला पाचपैकी पाच. पलीकडं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, 2014 पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्या देवदारांखाली मे महिन्यात स्वेटर घालून बसायचं, तेव्हा आपल्याकडं पारा 42 वर असतो. कॅम्पला दोन. पोराला सहा.

सप्टेंबरात, उडीद-मूग निघाले की, परत जाणार आहोत. चौघंच. पोराला फोन केलाय, तो त्याच्या घरची खोली देतोय. बाकीच्या सात जणांना अजून सांगितलेलं नाही.